आईचं मशीन मी आत हलवलं

आमच्या घरात दिवे निवडायचे झाले की मला विचारावं, असा एक समज आहे आणि तो इतकी वर्षं मीच जोपासला आहे. नोकरीचा बहुतेक काळ मी कारखान्यांच्या शेडमध्ये किती दिवे लागतील आणि ते किती उंचीवर टांगायचे, याची गणितं करण्यात घालवला, त्यामुळे तो समज अगदीच निराधार नाही. मध्यंतरी आमच्या ठाण्याच्या घरातली सगळ्यांत लहान खोली, सात फूट बाय आठ फूट, केतकीने, म्हणजे माझ्या मुलीने, शिवणासाठी घेतली. "बाबा, इथे कुठला दिवा लावू?" एवढंच तिने विचारलं. मी तिला दोन पानी तक्ता करून दिला. छताची उंची, भिंतीचा रंग, तीन प्रकारचे दिवे, प्रत्येकाचा टेबलावर पडणारा उजेड, सगळं त्यात होतं. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "यात मी कुठे बसणार ते कुठेय?" ते त्यात नव्हतं. हीच चूक मी बारावीत असताना केली होती, आणि तेव्हा ती आईला भोगावी लागली होती. म्हणून ती हकिकत इथे लिहितो आहे. फुशारकी मारण्याजोगं तिच्यात काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही तेव्हा डोंबिवलीला, पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचनमध्ये राहायचो. बाबा ठाण्याला एका कंपनीत स्टोअरमध्ये होते. मी एकुलता एक, सायन्सला, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल माझं मत तयार असे. आई ब्लाउज शिवायची आणि साड्यांना फॉल लावायची. तिचं पायमशीन गॅलरीत होतं. गॅलरी म्हणजे चार फूट रुंद, नऊ फूट लांब, पुढे ग्रिल, कोपऱ्यात तुळस, आणि उरलेल्या जागेत आई. सकाळी बाबांचा डबा झाला की ती मशीनवर बसे. आत कुकर चढवलेला असायचा आणि मशीनच्या खडखडाटातून तिला त्याच्या शिट्ट्या बरोबर मोजता यायच्या. तोंडात टाचण्या असल्या तर ती पायाने मशीन थांबवायची, हाताची दोन बोटं वर करायची, म्हणजे दोन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर. दुपारी भात आणि कुळथाची पिठी, सोबत बाबांच्या गावाकडून आलेला पोह्याचा पापड. जेवताना तिच्या पदराला हमखास चार-दोन दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असत, आणि पिठीत एखादा सापडला की मी तो ताटाच्या कडेला मांडून ठेवत असे, पुरावा म्हणून.

रंग जुळवण्याची तिची एक पद्धत होती. दोऱ्याची रिळं एका पत्र्याच्या डब्यात असायची. कापडाचा कोपरा आणि रीळ एकत्र धरून ती हात ग्रिलमधून बाहेर काढायची, उन्हात धरायची, डोळे बारीक करून बघायची, आत घ्यायची, दुसरं रीळ उचलायची. एका साडीसाठी कधी कधी आठ-दहा वेळा हात आत-बाहेर व्हायचा. फॉलचंही तसंच. दुकानातून चार फॉल आणून नको असलेले तीन परत करायची. रस्त्यावरून येणाऱ्याला आमच्या इमारतीत आधी आईचा हात दिसायचा. मला ते फारच अशास्त्रीय वाटायचं.

खरं कारण मात्र शास्त्राचं नव्हतं. मला गॅलरी हवी होती. बारावीचं वर्ष, आणि आतल्या खोलीत अभ्यासाला जागा म्हणजे कॉटचा एक कोपरा. गॅलरीत टेबल टाकलं, तर वारा, एकांत आणि रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना आपण अभ्यास करताना दिसणं, असा तिहेरी फायदा होता. पण जागा दे, असं सरळ मागायला मला कमीपणा वाटला. म्हणून मी आईच्या डोळ्यांची काळजी करायला लागलो.

"आई, असं गॅलरीत बसून तुझे डोळे खराब होतील."

"का? चांगला उजेड आहे की."

"तो कमी-जास्त होतो. बारीक कामाला एकसारखा उजेड लागतो. स्वयंपाकघराशेजारी माळ्याखाली जी जागा आहे ना, तिथे दोन ट्यूब लावल्या तर इथल्यापेक्षा चांगला उजेड मिळेल."

"तुला गॅलरी हवीय का, विनू?"

"प्रश्न तो नाहीये."

बाबांनी पेपर खाली केला. "प्रश्न तोच आहे," ते म्हणाले. "पण चालू दे."

माळ्याखालची ती जागा सहा फूट बाय पाच फूट होती. तिथे गाद्यांची वळकटी आणि तांदळाचा डबा राहायचा. खिडकी नव्हती. अशा जागी माणसाला बसवायचं तर पुरावा भक्कम हवा, म्हणून मी प्रयोग केला. आमच्या फिजिक्सच्या पुस्तकात एक युक्ती होती. पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकायचा. कागद दोन दिव्यांच्या मधे उभा धरायचा. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडला की तो डाग दिसेनासा होतो, आणि दिसला तर कुठल्या बाजूला उजेड जास्त आहे ते कळतं. मी खोबरेल तेल वापरलं. एक ट्यूब लांब वायर लावून गॅलरीत आणली, एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला ग्रिलमधून येणारा उजेड, मधे कागद. तीन दिवस, रोज दोन वाचनं. सहाच्या सहा वेळा ट्यूब जिंकली, आणि चांगल्या फरकाने जिंकली. मी वहीत तक्ता आखला. अंतर, फरक, शेरा. 'वेळ' असाही रकाना होता, कारण मी काटेकोर आहे. त्या रकान्यात सहाही वेळा 'साडेपाच' लिहिलं होतं. कॉलेज आणि क्लास करून मी घरी येई तेव्हा साडेपाच वाजलेले असत. दिवाळीनंतरचे दिवस, गॅलरी पूर्वेकडे तोंड असलेली, आणि आई कामाला बसायची सकाळी दहा ते दुपारी चार. हा तक्ता मी स्वतः दोनदा तपासला आणि बाबांकडून एकदा तपासून घेतला. बेरजेत चूक नव्हती.

आईने वही हातात घेतली. ती सातवीपर्यंत शिकलेली. लिहिलेल्या गोष्टीबद्दल तिला आदर होता, आणि तो मी लिहिलेल्या गोष्टीपर्यंत पोचतो हे मला माहीत होतं. "तू म्हणतोस तर असेल," ती म्हणाली.

रविवारी मी आणि बाबांनी मशीन आत नेलं. मी दोन ट्यूब लावल्या, एक तिच्या डोक्यामागे भिंतीवर आणि एक उजव्या हाताला. आता केतकीच्या खोलीत दिवा लावताना कुणालाही हे सांगता येईल, की डोक्यामागून उजेड आला तर शिवणाऱ्याच्या डोक्याचीच सावली सुईवर पडते; आणि मशीनचं धूड उजवीकडे असतं, सुई डावीकडे, म्हणजे उजवा दिवा मशीनच्या पाठीवर पडतो आणि सुई अंधारात राहते. मी ते तेव्हा पाहिलं नाही कारण मी शिवायला बसलोच नाही. मी जमिनीवर उभा राहून बघितलं. उभ्या माणसाला तिथे झकास दिसत होतं. वर मी आईला एक अट घातली. रंग जुळवायला ग्रिलपाशी जायचं नाही. इथला उजेड जास्त आहे हे सिद्ध झालेलं आहे, मग बाहेर हात काढण्याचं कारण उरत नाही. आणि शिवाय माझा अभ्यास मोडतो.

दोन आठवडे मी राजासारखा राहिलो. टेबल, खुर्ची, पुस्तकांची चवड, समोर रस्ता. आतून मशीनचा आवाज यायचा, पण पूर्वीसारखा सलग नाही. थोडा चालायचा, थांबायचा, पुन्हा थोडा. ट्यूबचा चोक एकसारखा गुणगुणायचा. मशीन अडखळतं त्याचं कारण मी तेल कमी पडलं असेल असं ठरवलं, आणि तेलही घातलं.

त्याच सुमाराला ठाकुर्लीच्या साने काकूंकडे लग्न निघालं. त्यांची मुलगी माधुरी. साने काकू आईकडे वर्षानुवर्षं येत, आणि त्यांच्यामुळे त्यांच्या अख्ख्या इमारतीतल्या बायका यायच्या. आईने ते काम फार मनावर घेतलं होतं. चार साड्यांना फॉल, पाच ब्लाउज, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे नवरीच्या शालूवरचा ब्लाउज. शालूचा ब्लाउजपीस काकूंनी वेगळ्या पांढऱ्या कापडात गुंडाळून आणला होता. "हा शेवटी घ्या, वहिनी, निवांत," त्या म्हणाल्या होत्या. आईने तो कपाटात देवाच्या पोथीवर ठेवला.

पहिल्या दोन साड्या काकू घेऊन गेल्या त्या मंगळवारी. बुधवारी सकाळी त्या परत आल्या. त्या दिवशी मला कॉलेज नव्हतं, फक्त दुपारचा क्लास होता, त्यामुळे मी घरी होतो. हातातली पिशवी त्यांनी कॉटवर ठेवली, मोरपंखी साडी काढली, तिचा खालचा काठ उलटा केला.

"वहिनी, हे बघा बरं जरा."

आईने बघितलं. मोरपंखी साडी, आणि आत फॉल निळा. जरासा नव्हे. दाराशी उभं राहून दिसेल असा निळा.

"आमच्या गच्चीत उलगडली तेव्हा दिसलं," काकू म्हणाल्या. "दुसरीचंही तसंच. डाळिंबी साडी, आणि फॉल पार चॉकलेटी. चालताना काठ वळला की दिसणार ना. तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं."

इथे गप्प बसायची संधी होती. मी ती घेतली नाही. मी साडी उचलली, आत नेली आणि ट्यूबखाली धरली. "काकू, इथे येऊन बघा. अगदी मॅच आहे."

ट्यूबखाली खरोखरच ती अगदी मॅच होती. निळा आणि मोरपंखी एकजीव झाले होते. साने काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दोन ट्यूबकडे पाहिलं.

"बाळ, माधुरीचं लग्न तुमच्या माळ्याखाली नाहीये."

आईने माझ्या हातातून साडी घेतली, घडी घातली. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मी नीट बघितलं नाही. रविवारी येता का? दोन्ही बदलून देते." ट्यूबचं नाव नाही, वहीचं नाव नाही, माझं तर नाहीच. काकूंनी डाळिंबी साडीही पिशवीतून काढून कॉटवर ठेवली. मग म्हणाल्या, "येते. पण तो शालूचा पीस द्या माझ्याकडे परत. रविवारी बघू काय ते. आमच्याकडे समोरच एक बाई शिवतात, त्यांना विचारून ठेवते. लग्न तोंडावर आलंय, वहिनी, वाईट वाटून घेऊ नका." आईने कपाट उघडलं आणि पांढऱ्या कापडातली ती गुंडाळी त्यांना दिली. काकू जिना उतरून गेल्यावर तिने पोथी उगाचच पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं की काकूंचा दृष्टिकोन शास्त्रीय नाही. बाबा म्हणाले, "त्यांना शास्त्रीय नकोय. मोरपंखी हवंय." आई हसली नाही. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या शुक्रवारी आमच्याकडे दिवसभर वीज नव्हती. कॉलेजच्या वर्गातही अंधार, म्हणून सरांनी आम्हाला साडेअकरालाच सोडलं. मी घरी आलो, दार नुसतं लोटलेलं होतं. आत माळ्याखाली काळोख. दोन ट्यूब, एकीचाही उपयोग नाही; वीज जाणं माझ्या तक्त्यात नव्हतंच. आई गॅलरीत होती. माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीवर. मोरपंखी साडीचा काठ टेबलावर पसरलेला, जुना फॉल उसवून बाजूला, आणि नवा ती हाताने लावत होती, एकेक टाका, उजेडाकडे किंचित वळून. तिचा हात अजिबात अडखळत नव्हता. मी उभा होतो ते तिच्या लक्षातही आलं नाही. मग फरशीवर माझी चप्पल वाजली, आणि ती ताडकन उठली. साडी गोळा करायला लागली.

"झालंच माझं. उठतेच आहे. तू बस अभ्यासाला."

मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी बरंच ऐकवलेलं आहे, साहेबांनी, कंत्राटदारांनी, बायकोने. त्यातलं 'उठतेच आहे' इतकं काही लागलेलं नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या गॅलरीत माझी आई चोरी पकडल्यासारखी उठली होती. आणि मग मी बघितलं, की माझी पुस्तकं टेबलाखाली एका ओळीत नीट लावलेली होती आणि प्रत्येकातून पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा बाहेर आला होता. मी जे पुस्तक जिथे उघडं टाकून गेलो होतो, तिथे तिने दोरा घातला होता, म्हणजे मी येण्याआधी ते होतं तसंच परत मांडता येईल. केमिस्ट्रीच्या पुस्तकाखाली पेन्सिल, तीही जशीच्या तशी. दोन दिवसांपासून मला पुस्तकांत दोरे सापडत होते आणि त्यावरून मी तिला जेवताना बोललोही होतो, की निदान माझ्या पुस्तकांत तरी कचरा येऊ देऊ नको.

"बुधवारपासून इथे बसतेस?" मी विचारलं.

"तू गेल्यावर. तुझं काही हलवत नाही मी."

"मला सांगितलं का नाहीस?"

तिने सुईत दोरा ओवला. पहिल्याच फटक्यात. "तू एवढं मोजून दाखवलंस," ती म्हणाली. "मला वाटलं, माझेच डोळे गेले. मग इथे येऊन बघितलं, तर डोळे ठीक होते."

दोन आठवडे माझी आई आपल्याला दिसेनासं होत चाललंय असं समजून माळ्याखाली बसली होती. माझ्या तक्त्याविषयी तिला शंका आली नाही, स्वतःविषयी आली. मी टेबलावरची राहिलेली वही उचलली आणि म्हणालो, "तू बस." ती म्हणाली, "आणि अभ्यास?" मी म्हणालो, "होईल." मग मी कॉटच्या कोपऱ्यात जाऊन पुस्तक उघडलं. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही, पण पानं उलटत राहिलो, तिला उठावंसं वाटू नये म्हणून.

संध्याकाळी बाबा आल्यावर मी म्हणालो, मशीन परत बाहेर न्यायचं. "तक्ता बदलला का?" त्यांनी विचारलं. मी वेळेचा रकाना त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सहाही साडेपाच वाचले, वही मिटली आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. "हे मीही तपासलेलं," एवढंच ते म्हणाले. टेबल आम्ही माळ्याखाली ढकललं. मशीन गॅलरीच्या दारापर्यंत आणल्यावर मी थांबलो आणि या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा आईला विचारलं, "कुठे ठेवू?" ती हात पुसत बाहेर आली. स्टूल घेतलं, मशीन नसताना त्यावर बसली, समोर कापड असल्यासारखे दोन्ही हात पुढे धरले, मान जरा डावीकडे वळवली, अर्धा फूट सरकली, पुन्हा बघितलं. "इथे," ती म्हणाली. मशीन ठेवल्यावर उजेड तिच्या डाव्या खांद्यावरून थेट सुईवर येत होता. मी न राहवून टेप लावलाच. ग्रिलपासून सतरा इंच. केतकीच्या खोलीत आता तक्ता बाजूला ठेवून मी तिला आधी स्टुलावर बसवलं, आणि दिवा तिच्या डाव्या बाजूला लागला आहे. माझ्या दोन पानांतलं काहीच त्यासाठी लागलं नाही.

बारावीचा बाकीचा अभ्यास मी माळ्याखाली, माझ्याच दोन ट्यूबखाली केला. वहीवर हाताची सावली पडायची, डोकं दुखायचं. तक्रार करायला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी साने काकू आल्या. आई मशीनवर होती. दोन्ही साड्या घडी करून तयार होत्या. काकूंनी मोरपंखी उघडली, काठ उलटा केला, आणि काही न विचारता तो ग्रिलपाशी नेऊन उन्हात धरला. बराच वेळ धरला. मग बोटाने फॉलची कड चाचपली, जुन्या टाक्यांची भोकं राहिलीत का ते बघितलं. डाळिंबीचंही तसंच केलं. मी दाराच्या चौकटीत उभा होतो आणि मला घाम फुटला होता. परीक्षेच्या निकालाला पुढे इतका फुटला नाही. आई मशीनचं चाक हाताने धरून बसली होती.

काकूंनी साड्या पिशवीत ठेवल्या. मग त्याच पिशवीच्या तळातून ती पांढऱ्या कापडातली गुंडाळी काढली आणि मशीनवर ठेवली. "गळा मागून जरा खोल घ्या म्हणतेय माधुरी," त्या म्हणाल्या. "हल्लीच्या मुली."

आईने गाठ सोडली, शालूचा तुकडा उलगडला, डब्यातून एक रीळ काढलं आणि हात ग्रिलमधून बाहेर घातला. मीही उत्सुकतेने पुढे झालो, रंग जुळतो का बघायला.

"विनू," ती वर न बघता म्हणाली, "सरक जरा. उजेडात उभा आहेस."

मी सरकलो.